ठोसरबाईंची तिसरी ओळ

ठोसरबाईंनी मला कागदाच्या कचऱ्याचा डबा उपसायला लावला, ती आमची पहिली ओळख.

मी वर्षातून दोनदा बेस्टला मुलाकडे येतो. व्हिसा नव्वद दिवसांचा. तेवढे दिवस भरले की परत भोसरी. बेस्ट हे आइंडहोवनला चिकटलेलं गाव आहे. रांगेत सारखी घरं, भिंतीला भिंत, मागं सतरंजीएवढी बाग. शेजारच्या घरात पुण्याची एक बाई मुलीला घेऊन राहते, एवढं सूनबाईनं सांगून ठेवलं होतं. पहिल्या खेपेला एका सकाळी ती बाई सायकल ढकलत आली. मागचं चाक डावी-उजवीकडं लटपटत होतं. मी भोसरीला चाळीस वर्षं फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत, पण नट कुठं किती आवळायचा ते मला कुणी शिकवायला नको. म्हटलं, "ठेवा इथं. अर्ध्या तासानं घेऊन जा."

सायकल जुनी होती, कुणाकडून तरी वापरलेली घेतलेली. मागच्या आसाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक चिठ्ठी तारेनं बांधली होती. मी तार तोडली, चिठ्ठी डब्यात टाकली, पाना लावला आणि नट आवळला. चाक सरळ झालं. बाई आल्या, वाकून बघितलं, आणि पहिला प्रश्न हा:

"इथं एक चिठ्ठी होती ना?"

"होती. टाकली."

"काय लिहिलं होतं?"

"मला काय ठाऊक? डच होतं ते."

"मग न वाचताच टाकलीत?"

मला राग आला. फुकट काम करून दिलं, त्याचं हे. पण त्या जागच्या हलेनात. शेवटी दोघांनी मिळून निळा डबा आडवा केला आणि चिठ्ठी काढली. बाईंनी ती फोन समोर धरून वाचली. लिहिलं होतं, डाव्या नटाचे आटे गेलेत, जोर लावू नका, नवा बसवा. मी हात घालून बघितला. नट गरगर फिरत होता. आटे होते तेवढेही मी खाल्ले होते.

चाळीस वर्षांत माझ्या हातून आटे गेले नव्हते. बाई हसल्या असत्या तर मी आयुष्यात परत बोललो नसतो. पण त्या म्हणाल्या, "आधीच्या मालकाला ठाऊक होतं बघा. सांगून गेला होता बिचारा." आणि सायकल ढकलत नवा नट आणायला गेल्या.

वीणा ठोसर. वय पन्नासच्या आसपास. उंच, किडकिडीत, केस बारीक कापलेले, थंडीत दोन स्वेटर एकावर एक. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या. तो विषय त्या काढत नसत आणि दुसऱ्यानं काढला तर चहा टाकायला उठत. चहा करायच्या आणि प्यायला विसरायच्या. टेबलावर एका वेळी तीन कप गार पडलेले असायचे. मुलगी सई तेरा वर्षांची असताना इकडं आलेली. डचचा गंध नव्हता, म्हणून वेगळ्या वर्गात बसली, एक वर्ष मागं गेली, रडत-भांडत भाषा शिकली. आता शाळेचं शेवटचं वर्ष, मे महिन्यात मोठी परीक्षा. ती सुटली की पुढचं शिक्षण इथंच, एवढं मायलेकींनी ठरवून ठेवलं होतं.

बाईंना लिहिलेलं काहीही दिसलं की ते शेवटपर्यंत वाचायची खोड होती. औषधाच्या डब्यातला घडीचा कागद, नगरपालिकेची पत्रं, सुपरमार्केटच्या पिठाच्या पिशवीची मागची बाजू, सगळं. वाचल्याशिवाय काही टाकायचं नाही. "आधी वाचायचं, मग पुसायचं," असं म्हणायच्या. सई वैतागायची. "आई, हे कुणीच वाचत नाही गं, अख्ख्या जगात कुणीच नाही!" बाई म्हणायच्या, "म्हणून तर मी वाचतेय."

एकदा गणपतीला इथल्या मराठी मंडळींनी एक सभागृह भाड्यानं घेतलं. दाराशी नियमांचा कागद डकवलेला. बाई उभ्या राहून तो वाचायला लागल्या, मागं मोदकांची पातेली घेऊन माणसं खोळंबलेली. कुणीतरी म्हणालं, "ठोसरबाई, परीक्षा नाहीये, आत चला!" सगळे हसले. बाई आत जाऊन म्हणाल्या, कापूर लावू नका, छतातल्या यंत्राला धूर चालत नाही. ऐकतंय कोण? आरती सुरू झाली, कापूर पेटला, आणि दुसऱ्या कडव्याला जो भोंगा वाजला म्हणता! नऊवारी नेसलेल्या बायका, सदरे घातलेले बाप्ये, सगळे रस्त्यावर, वर रिपरिप पाऊस. गणपती एकटाच आत. अग्निशामक दलाची गाडी येईपर्यंत तासभर आम्ही कुडकुडत होतो. बाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. "मी सांगितलं होतं" हे त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही आणि नंतरही कधी नाही. मी असतो तर वर्षभर म्हणत राहिलो असतो.

त्यांचं काम काय, हे मला समजायला एक सबंध खेप गेली. त्यांची कंपनी माणसं उचलायची यंत्रं करायची. इथं वृद्धाश्रमात ज्यांना पलंगावरून उठता येत नाही, त्यांना कापडी झोळीत घेतात, मोटर झोळी उचलते आणि खुर्चीत नेऊन सोडते. त्या यंत्रानं कसं वागायचं ते बाई आणि त्यांच्या ऑफिसातली पोरं लिहायची. त्याला कोड म्हणतात. आता आमच्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात बारीक अक्षरात सूचना असतात, तशा कोडमध्येही मधेमधे माणसांसाठी ओळी लिहिलेल्या असतात: हा भाग काय करतो, त्याला काय काय सांगावं लागतं. यंत्र त्या वाचत नाही. पण कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक कंपायलर असतो. त्याला सांगितलं तर तो त्या सूचना खालच्या कोडशी ताडून बघतो आणि जुळल्या नाहीत की पिवळ्या अक्षरात कुरकुर करतो. काम अडत नाही, नुसती कुरकुर. म्हणून त्यांच्या कंपनीनं कैक वर्षं त्याचं तोंड बंद करून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी हेंक नावाचा नवा साहेब आला. त्यानं ते तोंड उघडलं, आणि तीन हजारांवर पिवळ्या ओळी बाहेर पडल्या. हुकूम निघाला: नोव्हेंबरअखेर एकही पिवळी ओळ दिसता कामा नये, नाहीतर यंत्राची नवी आवृत्ती बाहेर जाणार नाही. हे काम कुणालाच नको होतं. ते बाईंच्या गळ्यात आलं. ऑफिसातला पुण्याचाच एक पोरगा म्हणाला, "वीणामॅम, झाडू तुमच्या हातात आला." बाई म्हणाल्या, "झाडू हातात आला की घरात काय काय सांडलंय ते कळतं." त्याच पोरानं एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. न जुळणाऱ्या सगळ्या सूचना एका दुपारात खोडून टाकणारा. बाईंनी तो वापरला नाही.

मी सप्टेंबरात परत आलो तेव्हा हे चालू होतं. बाई आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायच्या. मला घरात बसवत नसे, म्हणून मी त्यांच्याकडं जाऊन समोर लसूण सोलत बसायचो. त्या एकेक सूचना मोठ्यानं वाचायच्या, खालचं कोड बघायच्या, आणि लांबट वहीत पेन्सिलीनं खूण करायच्या.

"हे ऐका तात्या. 'हे तात्पुरतं आहे, गुरुवारी काढणार.'"

"कुठला गुरुवार?"

"अकरा वर्षांपूर्वीचा."

दुसरी एक सूचना होती, 'हे का चालतं ते ठाऊक नाही, हात लावू नये.' ती लिहिणारा माणूस नोकरी सोडून लायडनला गेला होता. बाईंनी त्याचा नंबर शोधून फोन केला. तो म्हणाला, मला काही आठवत नाही, खोडून टाका. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, अंघोळ करताना आठवलं म्हणून. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं आणि तिथं नीट सूचना घातली. एका ओळीपायी दोन दिवस. हेंक रोज सकाळी आकडा विचारायचा. आकडा उतरत होता, पण हळू.

आणि हे हळू जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांचा करार डिसेंबरअखेर संपत होता. पुढं ठेवणार की नाही, ते कंपनीला महिनाभर आधी कळवावं लागतं. नोकरी गेली की इथं राहायचा परवाना तीन महिने टिकतो. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर मार्चअखेर सामान बांधायचं. सईची परीक्षा मे महिन्यात. हा हिशोब बाईंनी मला एकदाच सांगितला, भाजी चिरता चिरता, आणि परत कधी काढला नाही. पण त्या दिवसापासून मला लसूण सोलताना तो पाठ झाला होता.

नोव्हेंबर अर्धा उलटला. पिवळ्या ओळी दोनशेच्या खाली आल्या. बाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. एका शनिवारी सकाळी मी गेलो तर दार उघडंच. बाई टेबलाशी उभ्या, दोन्ही हात टेबलावर टेकून पडद्याकडं बघत होत्या. मी आलो हे त्यांना कळलंच नाही.

"काय झालं?"

"तात्या, बसा. तुम्हाला एक विचारायचंय. मोटर वर उचलतेय, ओझं टांगलेलं आहे, आणि तुम्ही एकदम खाली सोडायचं बटण दाबलंत. मधे थांबायला वेळ दिला नाही. काय होईल?"

हे मला विचारायचं? आमच्या शॉपमध्ये ओझी उचलायचा साखळीचा हॉइस्ट होता. मी सांगितलं, "एकदम उलटं फिरवलं की हिसका बसतो. ओझं झुलतं. आमच्याकडं नवा माणूस असं करायचा आणि शिव्या खायचा. आधी पूर्ण थांबू द्यायचं, मग उलटं."

"किती थांबू द्यायचं?"

"ओझ्यावर आहे. दोन सेकंद, तीन सेकंद. का?"

बाईंनी मला पडद्यावर दाखवलं. मला इंग्रजी येत नाही, पण बोट ठेवून त्यांनी समजावलं. खाली सोडायच्या भागावर सूचना होती, तीन ओळींची. याला तीन गोष्टी सांगायच्या: किती खाली जायचं, किती वेगानं जायचं, आणि आधी किती वेळ थांबायचं. खालचं कोड मात्र दोनच गोष्टी घेत होतं. तिसरी नव्हतीच. कंपायलर म्हणत होता, तुम्ही सूचनेत अशी गोष्ट सांगताय जी इथं नाही.

"मग तिसरी ओळ खोडली की तो गप्प बसेल?"

"लगेच. एक ओळ खोडायची, पिवळं गेलं. अशा शंभर मी खोडल्यात, नीट बघून. पण ही गोष्ट आधी होती ना, म्हणून तर कुणी लिहिली. मग गेली कुठं?"

त्या कोडचा सगळा इतिहास साठवलेला असतो म्हणे. कुठली ओळ कुणी, कधी बदलली, का बदलली. बाईंनी ते उघडलं होतं. एका नावावर बोट ठेवलं. नाव मला वाचता आलं. त्यांच्या दारावर हीच अक्षरं आहेत.

"मीच," बाई म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी. यंत्र फार रेंगाळतं अशी तक्रार आली होती. मोटर चालवणाऱ्या खालच्या पेटीतही असाच थांबा होता, म्हटलं दोनदा कशाला, म्हणून हा काढला. घाई होती. वरची सूचना मी वाचली नाही तात्या. वाचली असती तर तीसुद्धा खोडली असती, किंवा थांबले असते. काही कळत नाही." त्या खुर्चीत बसल्या. "पुढच्या वर्षी पेटी बदलली. नव्या पेटीत थांबा नाही. मी सकाळपासून तेच बघतेय. कुठंच नाही."

"म्हणजे आत्ता जी यंत्रं चालू आहेत..."

"थांबत नाहीत. वर जाताना कुणी खालचं बटण दाबलं तर तशीच उलटी फिरतात. आणि झोळीत माणूस असतो."

मी लसणाची ताटली जवळ ओढली आणि सोलायला लागलो. पंखा लावल्यासारखा लॅपटॉपचा बारीक आवाज तेवढा येत होता.

मग मी बोललो. काय बोललो ते लपवत नाही, कारण मी अजूनही तेच म्हणतो. मी म्हणालो, "बाई, तो थांबा गुपचूप परत घाला. नवी आवृत्ती जाणारच आहे, तीत तो जाईल. सूचना आपोआप जुळेल, पिवळं जाईल, हेंक खूश. कुणाला काय कळतंय?"

"आणि जी बाहेर आहेत? सगळी ठिकाणं नवी आवृत्ती लगेच घेत नाहीत. कुणी वर्षानं घेतं, कुणी घेतच नाही. त्यांना कुणी सांगायचं?"

"इतके दिवस चाललंय ना?"

"कुणाला लागलं असेल तर आपल्याला कुठं कळलंय?"

"तुम्ही एकट्यानं केलं का? पेटी बदलली त्यांनी बघायला नको?"

"ते त्यांचं. माझं मला ठाऊक आहे."

माझा आवाज चढला. "सईचं काय? दहा दिवसांत ते तुमचा करार ठरवणार. आज तुम्ही जाऊन सांगणार, मी चूक केली, आता सगळी यंत्रं परत बघा. मग ते तुम्हाला हार घालून ठेवून घेतील? पोरगी चार वर्षं घासली त्या परीक्षेसाठी!"

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. हेंक होता. शनिवार असून, आकड्यासाठी. बाईंनी इंग्रजीत थोडं सांगितलं, एका ओळीवर अडलेय असं असावं, कारण तो हसून काहीतरी म्हणाला आणि त्यात 'डिलीट' हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. साहेब स्वतःच म्हणत होता, खोडून टाक. त्याला बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. मी बाईंकडं बघितलं आणि बोटानं दाखवलं, खोडा. बाईंचं बोट कळपाटीवर होतं. एक कळ दाबली असती तर विषय संपला असता. ती ओळ गेली की तिथं कधी थांबा होता हे शोधायलाही कुणी गेलं नसतं.

बाईंनी हात काढून मांडीवर ठेवला. सोमवारी सकाळी बोलायचंय, असं त्याला सांगितलं. कॉल संपल्यावर म्हणाल्या, "तात्या, तुम्ही आता घरी जा."

मला त्या घरातून कुणी जा म्हटलेलं नव्हतं. मी सोललेला लसूण तसाच टाकून उठलो.

रविवार मी कसा काढला, मलाच ठाऊक. मुलगा विचारतोय काय झालं, मी म्हणतोय काही नाही. सोमवारी सकाळी मागच्या बागेत उगीच कुंपणाच्या फळ्या ठोकत राहिलो. तिथून त्यांच्या स्वयंपाकघराची काच दिसते. बाई लॅपटॉपसमोर बसल्या नव्हत्या, उभ्या होत्या. शाळेत फळ्यापुढं उभं करतात तशा, हात मागं. ओठ हलत होते. बराच वेळ त्याच बोलत होत्या, मग बराच वेळ काहीच नाही, मग परत त्या. एकदा त्यांनी वही उचलून कॅमेऱ्याला दाखवली. मग लॅपटॉप बंद झाला.

त्या बाहेर आल्या, कोट न घालता. माझ्याकडं बघितलं नाही. हिरवा कचऱ्याचा डबा ओढत घरामागच्या बोळातून रस्त्याकडेला नेऊन ठेवला आणि परत आत गेल्या. त्या दिवशी डबा न्यायचा वार नव्हता. चार दिवस तो डबा तिथंच उभा होता. नगरपालिकेचं वेळापत्रक तोंडपाठ असलेली बाई ती. शेवटी मीच तो ओढून आत आणला.

पुढचं मला सूनबाईकडून कळलं. कंपनीनं नवी यंत्रं पाठवणं थांबवलं. बाहेर गेलेल्या प्रत्येक यंत्राकडं माणूस पाठवायचं ठरलं. सगळी हकिगत लिहून द्यायचं काम बाईंनाच दिलं. कुणाला इजा झाली होती का, हे बाईंनी दोनदा विचारलं. त्यांना सांगितलं नाही. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हेंकनं बोलावून हात हातात घेतला, प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले, आणि करार वाढणार नाही म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून सईचा आवाज आला. ही घरं वरून कितीही देखणी असली तरी भिंत पातळच. सई इंग्रजी-डच सगळं सोडून मराठीत ओरडत होती. "तू मला विचारलंस? एकदा तरी विचारलंस? परीक्षा माझी आहे ना?"

बाईंचा आवाज हळू होता, पण शब्द न् शब्द कळला. "नाही विचारलं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मग मी सांगितलं नसतं, आणि ते तुझ्या नावावर ढकलून मोकळी झाले असते. ते मला नको होतं."

दार आपटलं.

त्यानंतर बाईंनी काय करावं? करार संपायला महिना होता, नोकरी शोधायची होती, आणि ही बाई उरलेल्या पिवळ्या ओळी वाचत बसली. शेवटची ओळ साफ झाली तेव्हा मी तिथंच होतो. आमचं बोलणं नव्हतं तसं, पण मी लसूण घेऊन गेलो होतो आणि त्यांनी दार उघडलं होतं. म्हटलं, "ज्यांनी काढलं त्यांचंच काम करताय?"

"माझ्यामागून जो येईल त्याला वाचायला लागेल ना, तात्या."

डिसेंबरच्या मध्याला माझे नव्वद दिवस भरले. निघताना मी बाईंना भेटलो नाही. हट्ट म्हणा. मला वाटत होतं त्यांनी एकदा म्हणावं, तात्या, तुमचं बरोबर होतं. त्यांना काय वाटत होतं कोण जाणे.

भोसरीत ते तीन महिने मी मुलाला फोन केला की पहिलं नातवाचं विचारायचो आणि मग उगीच म्हणायचो, शेजारी काय म्हणतात? जानेवारीत कळलं, सहा ठिकाणी नकार. आधीची नोकरी का सुटली, असं विचारलं की बाई खरं कारण सांगतात म्हणे. मुलगा म्हणाला, "मी त्यांना म्हटलं, करार संपला एवढंच सांगा, ते खोटं नाही. तर म्हणाल्या, अर्धीच सूचना झाली ती." फेब्रुवारीत कळलं, सईनं मैत्रिणीच्या आईबापांना विचारलंय, परीक्षेपर्यंत तुमच्याकडं राहू का. पण परवाना आईच्या परवान्याला बांधलेला. आई गेली की पोरगी पण गेली. मार्च लागला. मुलगा म्हणाला, विमानाची तिकिटं बघतायत. मी त्या दिवशी जेवलो नाही. बाईंचा राग होताच, तो वाढला. कुणासाठी केलंस हे, असं मनातल्या मनात भांडत होतो.

मार्च संपायला अकरा दिवस राहिले असताना आर्नहेमच्या एका वीजकंपनीनं त्यांना घेतलं. कागद वेळेत पोचले. मुलानं सांगितलं तेव्हा मी फोन ठेवला, चहा केला, आणि तो प्यायला विसरलो.

एप्रिलमध्ये परत आलो तर बाई दिसेनातच. पहाटेची गाडी धरून आर्नहेमला जायच्या, अंधार पडायच्या बेताला यायच्या. सईची शाळा इथं, म्हणून परीक्षा होईपर्यंत घर हलवायचं नाही असं ठरलं होतं. मायलेकी बोलत होत्या, पण कामापुरतं. मे महिन्यात परीक्षा झाली. बाई आणखी बारीक झाल्या होत्या. एकदा बागेत कपडे वाळत घालताना कुंपणावरून म्हणाल्या, "तात्या, गणित अवघड गेलंय तिला. ते तीन महिने वाया गेले नसते तर..." आणि चिमटा तोंडात धरला. मी झाडांना पाणी घालायला लागलो. बोलायला माझ्याजवळ पुष्कळ होतं.

इथं निकाल शाळेतून फोनवर कळतो. ठरलेल्या दिवशी, दुपारी. पास असेल त्याला एका वेळेपर्यंत फोन येत नाही, नापास असेल त्याला आधी येतो, असं सईनंच सांगितलं होतं. म्हणजे फोन वाजायलाच नको. बाईंनी सुट्टी घेतली होती. आम्ही सगळे त्यांच्या बैठकीत, फोन मधे टेबलावर. बाई भिंतीला टेकून उभ्या. सई जमिनीवर गुडघ्यात डोकं घालून. घड्याळाकडं बघायचं धैर्य फक्त मला होतं, कारण आकडे मला चांगले वाचता येतात. वेळ व्हायला चार मिनिटं असताना फोन वाजला.

सई उचलेना. बाईंनीही हात पुढं केला नाही. म्हणाल्या, "तुझा आहे."

सईनं उचलला. कुणीतरी मैत्रीण होती, तुला फोन आला का विचारायला. सईनं तिला डचमध्ये जी काही शिवी दिली, ती मला न कळताही पटली. चार मिनिटं गेली. आणखी पाच गेली. फोन गप्पच. सई उठली आणि आईच्या अंगावर जाऊन आदळली, हाणामारी करावी तशी. दोघी भिंतीशी कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. मी बागेत निघून गेलो.

पोर पास झालं की या देशात घराच्या भिंतीवर तिरका झेंडा लावतात आणि काठीच्या टोकाला पोराचं दप्तर टांगतात. गल्लीत त्या संध्याकाळी तीन दप्तरं लटकत होती. ठोसरबाईंच्या भिंतीला काठी अडकवायला काही नव्हतं. मी ड्रिल आणलं, भोकं पाडली, कडी बसवली, काठी सूनबाईनं दिली. सई म्हणत होती, आई, रिकामं दप्तर टांगतात गं, पुस्तकं काढ. बाई म्हणाल्या, पुस्तकांसकट, चार वर्षांची आहेत. शिडीवर त्याच चढल्या, मला चढू दिलं नाही. पुढच्या आठवड्यात आर्नहेमला सामान हलणार होतं, आणि त्याआधीच माझं परतीचं तिकीट होतं, म्हणजे त्यांना नीट बघायची माझी ती शेवटचीच वेळ. मी खाली शिडी धरून उभा होतो. वारा चांगलाच होता. दप्तर जड, काठी वाकलेली, बाईंचा स्वेटर फडफडतोय, आणि त्या दोन्ही हातांनी पट्ट्याला गाठ मारतायत.

"तात्या, बसली का गाठ?"

"बसली. उतरा आता."

बाई उतरल्या नाहीत. पट्टा मुठीत धरला आणि सगळा भार देऊन एकदा खाली ओढून बघितला.